चिलीचं खोकं, नॉर्वेचं खोकं

पृथ्वी गोल आहे याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती कललेली आहे याबद्दल. ती सरळ उभी असती तर माझा मुलगा, माझी सून, माझी बायको आणि इमारतीतले निम्मे लोक यांच्यासमोर माझी जी शोभा झाली, ती झाली नसती. पण आता ती कललेली आहे आणि आपल्याला तिच्यावरच राहायचं आहे, तेव्हा इलाज नाही.

झालं असं, की आमचा मुलगा नॉर्वेत असतो आणि मुलगी चिलीत. नकाशावर याहून लांब लांब घरं करायची म्हटली असती तरी दोघांना जमलं नसतं. त्यात दोन्हीकडे पाळणा हलायचा होता आणि तोही एकाच महिन्यात, डिसेंबरात. हे कळलं तेव्हा बायको आधी हसली, मग थोडी रडली आणि मग गप्प बसली. कारण आई एक आणि देश दोन. मुलीकडे गेली असती तर सून मनात ठेवणार आणि मुलगा बोलून दाखवणार. मुलाकडे गेली असती तर मुलगी काहीच म्हणणार नाही, आणि ते जास्त लागणार. शेवटी तिने ठरवलं की कोणाकडेच जायचं नाही. दोन्ही बाळांना आपल्या हातचे कपडे पाठवायचे.

"मी नाही तर निदान माझे हात तरी पोचू देत दोन्हीकडे," ती म्हणाली.

एवढं एकच तिचं मागणं होतं. ते नीट पार पाडण्याचं मी मनावर घेतलं आणि इथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

बायकोने लोकर आणली आणि विणायला बसली. दोन्ही बाळांसाठी लोकरीचे स्वेटर, लोकरीची टोपरी, लोकरीचे मोजे. मी तिला शांतपणे समजावलं की नॉर्वेचं ठीक आहे, पण चिली दक्षिण गोलार्धात आहे, तिथे डिसेंबरात उन्हाळा असतो. तिने सुया न थांबवता माझ्याकडे पाहिलं.

"डिसेंबरात उन्हाळा कसा असेल?" ती म्हणाली. "डिसेंबर आहे ना तो?"

या प्रश्नाला खरं तर उत्तर आहे, पण ते चटकन सुचत नाही. मुलीला विचारून टाकावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. दोन्ही मुलांनी आम्हाला सक्त ताकीद देऊन ठेवली होती की काहीही पाठवायचं नाही, इथे सगळं मिळतं, उगाच कस्टमच्या कटकटी नकोत. म्हणजे कपडे गुपचूप जायला हवेत. गुपचूप जायचे तर हवामान आपलं आपणच शोधायला हवं. मी फोनवर शोधलं, तर चिलीच्या राजधानीत डिसेंबरात कडक ऊन पडतं असं स्वच्छ दिसलं. आणि मुलगी राजधानीतही नव्हती. जावयाची बदली झाल्यापासून ती दोघं पार दक्षिणेच्या टोकाला राहायला गेली होती. दक्षिणेला जावं तसा उकाडा वाढतो हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक आहे. तेव्हा राजधानीत ऊन, तर टोकाला भट्टीच असणार, असा मी निष्कर्ष काढला. त्यात चूक काढणाऱ्याने आधी माझ्या जागी बसून पाहावं.

मुलगी फोनवर दिसायची ती नेहमी शाल लपेटून. बायकोने ते बोलून दाखवलं. मी म्हटलं, उकाडा सोसत नाही म्हणून एसी फार वाढवून ठेवत असेल, लहानपणापासूनच तिला कशाचा अंदाज नाही. बायकोने लोकरीचा गुंडा तेवढा जवळ ओढला.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी वीज कंपनीच्या बिलदुरुस्ती खात्यात आहे. ग्राहकाचं बिल चुकतं, ते एक माणूस दुरुस्त करतो, त्या दुरुस्तीत जी चूक होते ती माझ्याकडे येते. इतकी वर्षं हे केल्यावर कोणत्याही गोष्टीकडे शांत डोक्याने, मुळापासून बघायची सवय लागते. तेव्हा दोन्ही देशांचा मुळापासून तौलनिक अभ्यास करायचा असं ठरवून मी रद्दीवाल्याकडून एक पृथ्वीगोल आणला. तो खालून फुटलेला होता. रद्दीवाल्याने तळाला चॉकलेटी रंगाची चिकटपट्टी गुंडाळून तो स्टँडवर बसवून दिला. पट्टी थेट चिलीच्या शेंड्याला भिडली होती. त्या चॉकलेटी रंगाने माझी खात्रीच पटली, कारण गोलावर चॉकलेटी म्हणजे रखरखीत प्रदेश.

अभ्यास करता करता माझं दोन्ही देशांवर प्रेमच बसलं. दोन्ही उभे आणि काटकुळे. दोघांच्या एका बाजूला समुद्र आणि पाठीला डोंगर. दोघांच्याही किनाऱ्याला समुद्राचे लांब लांब फाटे आत घुसलेले, म्हणजे एकाच शिंप्याने दोन टोकांना बसून कापलेत की काय असं वाटावं. फरक एवढाच की एक वर आणि एक खाली. एकाच्या उत्तरेला बर्फ आणि दुसऱ्याच्या उत्तरेला वाळवंट. चिलीच्या उत्तरेला जर वाळवंट, तर दक्षिणेला काय असेल, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. मला पडला नाही. मला चिकटपट्टी दिसत होती.

बायकोला पटवण्यासाठी मी दिवाणखान्यात प्रात्यक्षिक ठेवलं. टेबललॅम्प म्हणजे सूर्य. पृथ्वी हातात धरून मी सूर्याभोवती फिरायचं आणि कल कायम ठेवायचा, असा बेत. प्रेक्षक म्हणून बायको होती आणि समोरच्या दारातले शेजारी होते. या शेजाऱ्यांना सगळी इमारत 'वेधशाळा' म्हणते. त्यांचा उजवा गुडघा दुखला की पाऊस येतो आणि डावा दुखला की थंडी. दोन्ही दुखले तर त्यांना स्वतःलाही काही सांगता येत नाही. त्यांनी खुर्चीत बसण्यापूर्वीच जाहीर केलं की हवामान हे शिकून येत नाही, ते सांध्यात असावं लागतं.

सूर्याभोवती फिरताना कल सांभाळणं सोपं नाही. पृथ्वीला ते जमतं कारण तिच्या वाटेत सोफा नाही. दुसऱ्या फेरीला माझा पाय चटईत अडकला, मी सूर्याला टेकलो आणि दिव्याच्या उष्णतेने प्रशांत महासागर वितळून वर आला. तिथे आता बोटाएवढा डोंगर आहे. तरी मी व्याख्यान सोडलं नाही. उत्तरेत आपल्याला थंडी तेव्हा दक्षिणेत उकाडा, सगळं उलटं, हे मी ठासून सांगितलं. नॉर्वेच्या उत्तरेला, जिथे आमचा मुलगा राहतो तिथे, उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात उगवतच नाही, हेही सांगितलं. वेधशाळेने डोळे मिटून मान डोलावली. त्या वाक्याचा अर्धाच भाग त्यांच्या कानातून आत गेला हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

त्यानंतर मी एक मोठा तक्ता केला. ऑफिसातल्या टंकलेखक बाईंचं अक्षर चांगलं म्हणून त्यांच्याकडून रंगीत पेनने लिहून घेतला. देश, महिना, ऋतू, कपडा. चिली, डिसेंबर, उन्हाळा, सुती. नॉर्वे, डिसेंबर, हिवाळा, लोकर. साहेबांनी तो माझ्या टेबलावर पाहिला आणि विचारलं की यात आपल्या कोणत्या ग्राहकाचं बिल आहे. मी म्हटलं, खासगी आहे. ते म्हणाले, दिसतंय. ते इतक्या सौम्यपणे म्हणाले की दिवसभर मला जेवण गेलं नाही. घरी आल्यावर तो तक्ता मी फ्रिजवर लावला.

अखेर बायको नरमली, निदान मला तसं वाटलं. तिने लोकरीचा एकच संच पुरा केला आणि दुसऱ्या संचासाठी मऊ पांढरं सुती कापड आणून बिनबाह्यांची झबली शिवली. मी किराणावाल्याकडून दोन खोकी आणली, एक बिस्किटांचं आणि एक साबणाचं. दोन्हींवर ठळक अक्षरांत पत्ते चिकटवले आणि कोणत्या खोक्यात काय जाणार हे तिला तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं. ती हो म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाने त्या 'हो'ची चौकशी करायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेलेली असताना मी चिलीच्या खोक्याच्या झाकणाची एक बाजू हळूच उचलली. आत लोकर होती. लाल स्वेटर, लाल टोपरं, आणि तळाशी मोज्यांची एक चांगली मोठी जोडी. बाळाचा पाय केवढा असतो याचंही भान तिला राहिलं नव्हतं, हे पाहून मला तिची दया आली. मी भांडलो नाही. मी दुरुस्तीखात्यातला माणूस. मी दोन्ही पत्ते वाफेवर धरून सोडवले, चिलीचा पत्ता सुती कपड्यांच्या खोक्यावर लावला आणि नॉर्वेचा लोकरीच्या. झाकण होतं तसं बसवलं आणि पेपर वाचत बसलो.

कुरिअरच्या ऑफिसात वेधशाळा माझ्याबरोबर आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण खोकी दोन आणि हात दोन असं पाहून ते जिन्यातच सामील झाले. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. वस्तू कोणती, कोणी बनवली, विक्रीसाठी की भेट. मी लिहिलं, बायकोने. त्या म्हणाल्या, कंपनीचं नाव लिहा. मी म्हटलं, बायको हीच कंपनी. त्या म्हणाल्या, मग बिल लागेल. बायकोने नवऱ्याला झबल्यांचं बिल दिल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही असं मी सांगितल्यावर त्यांनी ओळखपत्राची झेरॉक्स आणि 'हा माल विक्रीसाठी नाही' असं सहीचं पत्र मागितलं. शिवाय आतला माल तपासायला दोन्ही खोकी उघडावी लागतील आणि ती फुटकी असल्याने त्यांच्या ऑफिसच्या नव्या खोक्यांत भरावी लागतील, असं सांगितलं. मी झेरॉक्सला रस्त्यापलीकडे गेलो. तिथल्या मशीनची शाई संपली होती. पुढच्या दुकानात वीज नव्हती आणि दुकानदाराने मी कुठे काम करतो हे ओळखल्यावर मला बराच वेळ सोडलं नाही.

परत आलो तेव्हा दोन्ही खोकी नव्या वेष्टनात चकचकीत होऊन वजनकाट्यावर बसली होती. वेधशाळा समाधानाने म्हणाले की सगळं मार्गी लावलं आहे. मी त्यांना रस्त्यावर उसाचा रस पाजला. आज तो रस आठवला की वाईट वाटतं.

डिसेंबरात आधी नॉर्वेतून फोन आला. बाळ सुखरूप, सून सुखरूप. बायकोने डोळे पुसले, मीही चष्मा पुसला. मग मुलगा हसू दाबत म्हणाला, "बाबा, पार्सल मिळालं बरं का. आम्ही नको म्हटलं होतं ते जाऊ दे. पण इथे खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ आहे, दुपारी बाराला अंधार असतो, आणि तुम्ही बिनबाह्यांची झबली पाठवलीत." मागून सुनेचं हसणंही ऐकू आलं. ती म्हणाली की झबली फार सुंदर आहेत, आतून घालायला होतील, बाबांना काही बोलू नको. सुनेने आपली बाजू घ्यावी यासारखी नामुष्की नाही.

फोन ठेवल्यावर मी हिशेब मांडला. सुती कपडे नॉर्वेत पोचले, म्हणजे लोकर चिलीत गेली. भट्टीत. मी तिथल्या तिथे चौकशी समिती बसवली आणि वेधशाळेलाही बोलावून घेतलं.

बायकोने लगेच कबूल केलं की तिने खोक्यांत अदलाबदल केली होती. "तुम्हीच म्हणत होता ना, तिथे सगळं उलटं. तक्त्यावर उन्हाळा लिहिलं होतं, मी उलटं केलं." मी म्हटलं, ते मला माहीत होतं, म्हणून मी पत्ते बदलले. म्हणजे दोन वेळा उलटं होऊन सरळ झालं. मग ते पुन्हा उलटं झालं कसं? आम्ही दोघांनी वेधशाळेकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही गुडघे चोळायला घेतले.

"त्या बाईंनी विचारलं, लोकर कुठली आणि सुती कुठलं," ते म्हणाले. "मी तुमचं व्याख्यान ऐकलं होतं, साहेब. ज्या देशात सूर्य मावळतच नाही तिथे बाळाला लोकर घालायची? मी म्हटलं, सुती नॉर्वेला."

गणिताने पाहिलं तर तिघांनीही माझंच ऐकलं होतं. बायकोने माझा तक्ता पाळला, मी बायकोला ओळखलं, आणि वेधशाळेने माझं व्याख्यान लक्षात ठेवलं. एका माणसाने जरी माझ्याकडे दुर्लक्ष केलं असतं तरी सगळं जागच्या जागी पोचलं असतं. मी पृथ्वीगोलासमोर उभा राहिलो आणि मला वर कुठलं आणि खाली कुठलं हेही कळेना. वेधशाळा म्हणाले की आज डावा गुडघा दुखतोय, आणि घरी गेले.

आम्ही मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही. जावयानेही उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बायको ओट्यापाशी जाई, परत येई, फोनकडे पाही. तिला एकच दिसत होतं, की आपल्या हातचं लोकरीचं टोपरं घालून एक तान्हं बाळ भर उन्हात घामाघूम होतंय आणि मुलगी आईने पाठवलं म्हणून काढत नाहीये. ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी फ्रिजवरचा तक्ता काढून घडी करून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतत असताना फोन वाजला. पडद्यावर मुलगी होती, पलंगावर टेकून बसलेली, दमलेली आणि हसणारी. बाळ आदल्या दिवशीच झालं होतं, म्हणून फोन कोणी उचलला नव्हता. तिच्या कुशीत एक लाल गाठोडं होतं आणि त्यातून बाळाचं नाक तेवढं बाहेर दिसत होतं. लाल टोपरं, लाल स्वेटर. मागची खिडकी वाऱ्याने खडखडत होती आणि काचेवर गारांचा मारा चालला होता.

"बाबा, तुम्हाला कळलं कसं?" मुलगी म्हणाली. "ह्यांच्या ऑफिसातल्यांनी सगळ्यांनी पातळ कपडे आणले, उन्हाळा म्हणून. इथे उन्हाळ्यातही ही अशी थंडी. इथून पुढे खाली फक्त समुद्र आणि मग बर्फच आहे. आमच्याकडे दक्षिणेला जाल तितकं गार."

मी तोंड उघडलं. आयुष्यात असे प्रसंग वारंवार येत नाहीत. पण मी काही बोलायच्या आत बायकोने फोन स्वतःकडे वळवला आणि म्हणाली, "त्यांनी किती दिवस अभ्यास केला गं. गोल आणला, तक्ता केला." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी चहाचा कप उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

मग मुलीने फोन जरा खाली नेला, बाळाचे पाय दाखवायला. बाळाचे पाय स्वेटरातच गुंडाळलेले होते. पण त्यांच्या पलीकडे, पांघरुणाबाहेर, आणखी दोन पाय दिसले. त्यांत लाल लोकरीचे मोठे मोजे होते, मी खोक्याच्या तळाशी पाहिलेले.

"आई, हे बरोब्बर बसले गं," मुलगी म्हणाली आणि पायाची बोटं हलवून दाखवली. बायको त्या बोटांकडे पाहून रडली. खूप वेळ रडली, आणि मुलगीही तिकडे रडली, आणि बाळ जागं झालं.

फोन बंद झाल्यावर मी पृथ्वीगोल उलटा केला आणि तळाची चिकटपट्टी ओढून काढली. खाली सगळं पांढरंशुभ्र होतं. मी तो बायकोपुढे धरला आणि म्हटलं, बघ, तू तक्ता उलटा वाचलास म्हणून निभावलं.

"तक्ता कोणी वाचला?" ती म्हणाली. "काल वेधशाळेसमोर काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. पोरगी शाळेत असल्यापासून तिचे पाय गार पडतात. भर उन्हाळ्यात माझ्या पोटाला पाय लावून झोपायची. ती कुठल्या देशात आहे ते तुम्ही बघा. मला तिचे पाय माहीत आहेत."

मी गोल टेबलावर ठेवला. मुलगी पाय माझ्याही पोटाला लावत असे का, हे आठवायचा मी प्रयत्न केला. आठवेना. त्या वेळी मी बहुतेक ऑफिसातून उशिरा येत असेन.

वेधशाळा त्याच दुपारी पेढे मागायला आले, कारण लोकर शेवटी त्यांच्यामुळेच चिलीला गेली होती आणि हे नाकारणं मला शक्य नव्हतं. मी साखरेचा डबा पुढे केला. त्यांनी एक चमचा खाल्ला आणि नॉर्वेच्या सूर्याबद्दल माझी समजूत काढू लागले. मी ऐकत राहिलो.

संध्याकाळी मी मुलीला फोन केला. एरवी मी फोन केला की तिकडचं तापमान, वाऱ्याची दिशा, पाऊस किती, असं क्रमाने विचारतो. त्या दिवशी ते सगळं सोडून दिलं.

"पाय गरम आहेत का गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "आहेत, बाबा."